दारावरचा खडूचा गोल

९ ऑक्टोबर, बुधवार

प्रिय ताई,

आधी नमस्कार, मग माफी, मग बातमी, हा क्रम तूच मला शिकवलास, म्हणून मोडत नाही. नमस्कार केला. माफी सहा महिन्यांच्या अबोल्याची आहे (डायरी पाहिली, सात महिने आणि चार दिवस, तेव्हा माफी थोडी वाढवून घे). माझं प्रत्येक पत्र तक्रारीने सुरू होतं असं तू मागे म्हणाली होतीस. ते मला लागलं. म्हणून मी ठरवलं होतं की बाथरूमच्या छताचं काम झालं की मगच लिहायचं, प्रसन्न चित्ताने. पण छताच्या भरवशावर बसले तर पत्र तुला ह्यांच्या पेन्शनच्या कागदांबरोबरच मिळेल. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आता तरी कुणाच्या घरी गेल्यावर भिंतीवर टिचक्या मारून बघायचं सोडलं का त्यांनी? हे बरे आहेत. दूरच्या ठाण्यावर तंबूत राहतात, रविवारी फोन करतात. परवा म्हणाले, इतका पाऊस झाला पण तंबूत एक थेंब आला नाही. मला त्या तंबूचाही हेवा वाटला, यावरून माझी अवस्था ओळख.

तू हे क्वार्टर पाहिलेलं नाहीस. सैन्यातल्या कुटुंबांसाठी चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेल्या बारा इमारती, त्यांतली आमची सातवी, दुसरा मजला. जिना चढून आलं की दोनच दारं, समोरासमोर. आतली रचना आरशात पाहावी तशी: आमचं स्वयंपाकघर उजवीकडे, त्यांचं डावीकडे; दोघांच्या बाल्कन्या मागच्या एकाच भिंतीवर, मध्ये दोन हातांचं अंतर. त्यामुळे समोर काही दुरुस्त झालं की आपल्याकडे नेमकं काय बिघडलेलं आहे हे मला इंचाइंचाने कळतं. रोज दार उघडावं आणि समोर आपलंच घर दिसावं, फक्त दुरुस्त केलेलं, यापेक्षा मोठी शिक्षा कुठल्या लष्करी कायद्यात नसेल. आमच्याकडे गीझरचं बटण लाटण्याने दाबावं लागतं, कारण बोटाने दाबलं तर शॉक बसतो (सौम्य, पण रोजचा). बाथरूमच्या छताला ओल आली आहे, तिचा आकार आधी बदकासारखा होता, आता बदकाला पिल्लं झाली आहेत.

समोरची माझ्यापेक्षा लहान आहे. ती मला काकू म्हणते. आमच्यात सहा वर्षांचं अंतर आहे, ताई. सहा वर्षांत कुणी काकू होत नाही, पण ती इतक्या गोड आवाजात म्हणते की हरकत घ्यायला जागा राहत नाही. ती, तिची शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई (त्यांना सगळी इमारत आजी म्हणते) अशा तिघी असतात. तिचा नवरा ह्यांच्याच हुद्द्यावर, ह्यांच्याच तुकडीत. आमच्यानंतर चार महिन्यांनी आली. आणि तेव्हापासून तिच्याकडे नवा नळ, नवं सिंक, नवा बोर्ड, खिडक्यांना जाळ्या आणि स्वयंपाकघराला नवं दार आलं. या सगळ्याच्या तारखा माझ्या डायरीत आहेत. हा मत्सर नाही, नोंद आहे असं मी त्या पानावर लिहूनही ठेवलं होतं. काल वाचताना जाणवलं की ज्याला खरोखर नुसती नोंद करायची असते तो असं वाक्य लिहीत नाही.

मेंटेनन्स ऑफिसात तक्रारीचं रजिस्टर असतं, दोरीने टेबलाला बांधलेलं (कुणी पळवून नेण्यासारखं त्यात काय आहे ते मला कळलेलं नाही). मी दर वेळी व्यवस्थित लिहिते. ‘सविनय कळविण्यात येते की’ इथपासून सुरू करून छताचा कुठला कोपरा, ओल कधीपासून, पूर्वीच्या तक्रारींचे दिनांक, सगळं. समोरची लिहिते: ‘नळ गळतो.’ दोन शब्द. आणि तिसऱ्या दिवशी माणूस पान्हा घेऊन हजर. ओव्हरसियरला ती दादा म्हणते आणि चहा देते, त्यामुळे हे होतं, असा माझा सिद्धांत होता. एकदा मीही त्याला जिन्यात गाठून दादा म्हणाले आणि चहाला बोलावलं. तो म्हणाला, आत्ताच समोर झाला.

आता मुद्द्याकडे येते. गेल्या मंगळवारी दोन साहेब सगळ्या इमारतींची तपासणी करून गेले. मी शाळेच्या वाचनालयात, कामावर. परत येऊन पाहते तर समोरच्या दारावर पांढऱ्या खडूने एक गोल, त्याला आडवी रेघ. माझ्या दारावर काही नाही. खालच्या नर्सबाईंनी सांगितलं की ज्यांच्या दारावर गोल आहे त्यांना नव्या बाल्कन्या मिळणार. ताई, नळ मी सहन केला. सिंक सहन केलं. पण बाल्कनी माझ्या बाल्कनीला लागून आहे. रोज चहा घेताना मला ती डाव्या डोळ्याने दिसणार होती.

बुधवारी दुपारी अडीच वाजता, इमारत वामकुक्षी घेत असताना, मी पर्समधला वाचनालयाचा खडू काढला (म्हणजे सरकारी मालाचाही दुरुपयोग, हे वेगळं कलम) आणि आपल्या दारावर गोल काढला. पहिला वाकडा आला. मला वाकडं काही करवत नाही, हे तुला माहीतच आहे. मी तो पुसला, स्वयंपाकघरातून वाटी आणली, ती दारावर पालथी धरली आणि तिच्या कडेने सुबक गोल काढला. रेघ फूटपट्टीने मारली.

शुक्रवारी कामगार आले. मुकादमाच्या यादीत फक्त ‘इमारत सात, दुसरा मजला, एक’ एवढंच होतं. दार कुठलं ते यादीत लिहीत नाहीत, कारण ते दारावरच लिहिलेलं असतं. इथे दोन्ही दारांवर गोल. मुकादमाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मी दारात उभी होते, तोंडातून शब्द काढला नाही (न बोलणं हे खोटं बोलणं आहे का, यावर डायरीत तीन पानं आहेत). मग तो आपल्या माणसाला म्हणाला, “तो वाकडातिकडा गोल कुणीतरी गंमत म्हणून काढलाय. साहेबांचं काम असं असतं बघ, नीट.” आणि त्याने ओल्या फडक्याने समोरचा गोल पुसून टाकला.

दिवसभरात माझा जुना कठडा कापून नवा बसवला. त्याला हत्ती बांधला तरी हलणार नाही. मी मुकादमाला दोनदा चहा दिला. समोरची दारात येऊन बघत होती. मी वाट पाहत होते की आता तरी तिचा चेहरा जरा उतरेल. ती म्हणाली, “बरं झालं काकू, तुमचं काही होतच नव्हतं. मला रोज वाईट वाटायचं.” तिला वाईट वाटत होतं! माझ्या मत्सराची एवढी वाया गेलेली मेहनत मी कधी पाहिली नाही. तरी त्या संध्याकाळी मी कठड्यावर कोपर टेकून चहा घेतला आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मुकादमाच्या कागदावर ‘काम समाधानकारक’ असं लिहून सही केली ती अगदी मनापासून.

शनिवारी चार वाजता, त्याच कोपरावर, मी डावीकडे पाहिलं. त्यांच्या घरातून बघितलं तर समोरच्यांचा कठडा चांगला दिसतो, वर्षापूर्वीचा रंग आहे. पण बाजूने, जिथून फक्त मलाच दिसतं तिथून पाहिलं, तर त्याचे खालचे दोन पाय गंजून जमिनीपासून सुटलेले होते. हवेत. सगळा कठडा भिंतीतल्या एका बोल्टवर आणि कपड्यांच्या दोरीवर उभा होता. आणि त्यावर दोन्ही हात टेकून आजी नातीच्या शाळेच्या बसची वाट बघत होत्या, जशा रोज बघतात.

मी हाक मारली. “आजी, चहा टाकलाय, आत्ता या.” चहा टाकलेला नव्हता. त्या आल्या. नातीची बस माझ्या बाल्कनीतून बघितली. रविवारी पुन्हा बोलावलं, सोमवारी, काल. चार दिवस पावणेचारच्या ठोक्याला मी चहाचं आधण ठेवते आहे. आजींना माझा चहा आवडत नाही (‘पाणी गरम असतं, एवढं मात्र छान’), पण येतात. परवा समोरची मला जिन्यात म्हणाली की तुमचा स्वभाव कळायला मला दीड वर्ष लागलं, काकू.

आता तू विचारशील, सरळ सांगितलं का नाहीस? हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारते आणि रोज उत्तर एकच: सांगितलं तर गोलाचं सांगावं लागेल. म्हणून सोमवारी ऑफिसात गेले आणि कारकुनाला सहज विचारल्यासारखं विचारलं की गोलाचा अर्थ काय. तो म्हणाला, गोल म्हणजे धोका, रेघ म्हणजे ताबडतोब. सातवीचं काम झालं, सहीही आहे, कागद बंद. पुन्हा उघडायचा तर गोल चुकून भलत्या दारावर होता असं कुणीतरी लिहून द्यायला हवं, आणि त्याखाली, ज्यांचं काम राहून गेलं त्या क्वार्टरवाल्यांची सही. मग माझं पान काढून तो जरा संकोचून म्हणाला, बाई, तुम्ही लिहिता फार छान, पण आम्ही तक्रार पहिल्या शब्दावरून लावतो. नळ, वीज, दार, छत. तुमचा पहिला शब्द ‘सविनय’. तो ‘इतर’मध्ये जातो. ‘इतर’चा माणूस दोन वर्षांपूर्वी बदलून गेला, जागा रिकामी आहे.

म्हणजे चहा नव्हता, दादा नव्हतं. तिने नुसतं ‘नळ’ लिहिलं होतं.

तरीही घरी येऊन मी अर्धंच सांगितलं. समोर जाऊन म्हणाले, बाल्कनीत जाऊ नका, कबुतरं फार घाण करतात. इतकं साळसूद खोटं माझ्याकडून आयुष्यात झालं नव्हतं, आणि त्याचं फळ आज मिळालं. शाळेत मीटिंग होती, मला यायला चार वाजून दहा मिनिटं झाली. इमारतीच्या मागच्या वाटेने येताना वर पाहिलं तर आजी झाडू घेऊन कबुतरं हाकलत होत्या. मी सांगितलं होतं ना, घाण करतात. झाडू कठड्यावर आपटला आणि माझ्या चपलेपाशी टण्ण करून काहीतरी पडलं. बोल्ट. अर्धा गंजलेला, अर्धा नसलेलाच.

मी दोन जिने कसे चढले ते मला आठवत नाही. आजींना हाताला धरून आत आणलं, त्यांच्या बाल्कनीचं दार लावलं, कडीला दोरी बांधली, गाठीवर गाठ मारली आणि समोरचीच्या हातात बोल्ट ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिने मला मिठी मारली. म्हणाली, “तुमची नजर म्हणून आज आमची आजी आहे.” आजी म्हणाल्या, चहा राहिला आजचा. मी चहा केला. गोलाचं काही बोलले नाही. दार बंद आहे, दोरी पक्की आहे, धोका टळला आहे; पण कठडा तसाच लोंबतो आहे आणि कागद माझ्या सहीने बंद आहे. बोल्ट मी तिच्याकडून परत मागून आणला. हे लिहिताना कागद उडू नये म्हणून तोच ठेवला आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे: भावोजी खात्यात होते, त्यांचं अक्षर साहेबी आहे. त्यांनी मेंटेनन्स ऑफिसला दोन ओळी लिहिल्या की तपासणीतला गोल डाव्या दारावर होता, तर मला काही बोलावं लागणार नाही. माझं अक्षर तिथे सगळे ओळखतात.

ता. क. २. वरचं खोडणार होते. खोडत नाही, मी कुठवर जाऊ शकते हे तुला तरी माहीत असावं. पण भावोजींना काही सांगू नकोस. टपालाला चार दिवस लागतात आणि त्या दोरीची गाठ मी मारलेली आहे. आजी ती दोन दिवसांत सोडतील. शिवाय समोरचीच्या सहीशिवाय कागद उघडत नाही, आणि कशावर सही करते आहे हे कळल्याशिवाय तिने ती का करावी?

ता. क. ३. कारकून म्हणाला की पुढच्या खेपेला येणारे कठडे नव्या नमुन्याचे आहेत. टेकायला रुंद पट्टी, कुंड्या ठेवायला जागा. म्हणजे तो तिला मिळणार. मी मघाशी जाऊन माझा बघून आले. हत्ती बांधता येईल, पण कुंडी ठेवता येणार नाही. असो.

उद्या, साडेआठ: समोरची कडी वाजवून, रजिस्टरमध्ये लिहून द्यायला जायच्या आधी, जिन्यातच तिला गोलाचं सांगणे.