सतरा नंबरचा दुमडलेला कोपरा

धरणगाव, रविवार, मे १९८९

जमला! चाळीसच्या चाळीस! च्युइंगगममधल्या क्रिकेटच्या कार्डांचा संच गल्लीत सगळ्यात आधी माझा पुरा झाला. एका सतरा नंबरसाठी किती गम चघळले, जबडा दुखायला लागला. आणि सापडला कुठे? आजोबांच्या, म्हणजे नानांच्या हातात! नानांनी पाचोऱ्याहून माझ्यासाठी गम आणला खरा, पण ओट्यावर बसून त्यातल्याच कार्डाने दात कोरत होते! मी किंचाळलेच. नानांनी कार्ड माझ्या हातात ठेवलं, म्हणाले, "ले व माय, तुनंच शे."

कोपरा पार दुमडलाय. बडीशेपेचा वासही येतोय. येऊ दे.

आमच्या टीमचा कॅप्टन म्हणजे माझा चुलतभाऊ दिन्या. लगेच म्हणाला, "कोपरा मोडलाय, हे धरायचं नाही." का नाही? "संच पुरा कर, मग तुला टीममध्ये घेतो," असं सगळ्यांसमोर कोण बोललं होतं? तेव्हा कोपऱ्याचं नाव तरी काढलं का? नंबर तर स्वच्छ दिसतोय! सगळी पोरं माझ्या बाजूने ओरडली.

दिन्याने बॅट माझ्या हातात दिली. उद्या पहिली बॅटिंग माझी.

बॅट फार जड आहे. पण हे त्याला कशाला सांगू?