स्टोव्हच्या डोक्यावरची फळी

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला बसले आहे. येत असतं तर बसले नसते. सून म्हणून तुमच्या अकोल्याच्या घरात आले तेव्हा मी तिसरीपर्यंत शिकलेली होते आणि मला त्याचा फार तोरा होता. तुम्ही तो पहिल्याच आठवड्यात उतरवलात. "तिसरी शिकली म्हणते, मंग भाकर काहून शेताच्या नकाशावानी थापते वं?" तुम्ही गेलात त्या वयाच्या मी कधीच पुढं निघून आले. आता अमरावतीला नातवाकडे असते. जोडाक्षर अजून अडतं, हात हलतो, पण दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावं असं हे नाही.

कारण झालं ते सांगते. नातवानं गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर, भिंतीला, एक पेटी ठोकून घेतली आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन म्हणतात तिला. काचेचं दार, आत दिवा, आत फिरणारी काचेची थाळी. मी विचारलं, जाळ कुठं आहे? तर म्हणतो, "आजी, जाळ नसतेच. वरतून अन्न गरम करते आन् खालून शेगडीचा धूर वढून घेते. जागा वाचते." जाळ नाही तर गरम कशानं होतं? "लहरींनं," म्हणाला, आणि पेटीचं दार लावून टाकलं. जाळ डोळ्याला दिसला की माणूस हात मागं घेतो. जो दिसतच नाही त्याच्याशी वागायचं कसं? दोन दिवस मी नातसुनेला सोबतचं पुस्तक वाचायला लावलं. स्टीलचा डबा आत ठेवायचा नाही, ठिणग्या उडतात. चांदीसारखा कागद ठेवायचा नाही. घट्ट झाकण लावायचं नाही, वाफ कोंडते. अख्खं अंडं फुटतं. रिकामा चालवायचा नाही. पाणी उकळलेलं दिसत नाही आणि चमचा घातला की एकदम अंगावर येतं. खालच्या जाळीला फोडणीचं तेल धरतं, ती काढून गरम पाण्यात साबणानं धुवायची, नाही तर खालच्या जाळानं पेट घेते. घरातली निम्मी भांडी ज्याला चालत नाहीत तो पाहुणा घरात घेतलाच कशाला, असं मी म्हटलं. नातसून हसली. तिला वाटलं मला यंत्राची भीती आहे. यंत्राची नाही. ते जिथं ठोकलं आहे त्या जागेची आहे.

तुमचा मुलगा तेव्हा अमरावतीला कारकून होता, शनिवारी घरी यायचा, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. बाकीचे दिवस घरात तुम्ही आणि मी. एका शनिवारी तो पितळेचा स्टोव्ह घेऊन आला, पंपाचा, तीन पायांचा. चुलीतल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या काड्यांच्या, धुरानं आईचे डोळे जातात म्हणून आणला होता. तुम्ही त्याला आठ दिवस हात लावला नाही. कापडानं झाकून कोपऱ्यात ठेवला आणि जाता-येता त्याच्याकडे असं पाहत होतात जसं चोरीच्या संशयातल्या गड्याकडे पाहावं. मग एके दिवशी मला सोबत घेऊन बाजारात गेलात, स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याच्या पुढ्यात बसकण मारलीत, आणि दुपारभर त्या माणसाची उलटतपासणी केलीत.

"हे फुटते काहून रे बाप्पा?"

"माय, स्टो फुटत नाही. बाई फोडते."

"कशी?"

"भोक कचऱ्यानं बुजते. जाळ मंदावला का बाई पिन मारत नाही, पंप मारते. आतमदी हवा कोंडते. नाही तं तापलेल्या टाकीत तेल ओतते. मंग भडकते, आन् नाव स्टोचं होते."

"तुया घरी आहे का?"

तो गडी हसला. "नाही माय. आमच्याकडे चूल."

"पाह्य," तुम्ही मला म्हणालात, "याच्या स्वतःच्या घरी नाही." पण आल्यावर स्टोव्ह तुम्हीच पेटवलात. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नर आधी पुरता तापवायचा, पिवळा जाळ आला की पंपाला हात लावायचा नाही, घासलेट भरायचं ते थंड झाल्यावरच आणि तेही गळ्यापर्यंत नाही, बोटभर जागा सोडून. विझवायचा तो फुंकून नाही, हवेची किल्ली सोडून. पदर कमरेला खोचलेला. आणि जागा जमिनीच्या मधोमध, भिंतीपासून दोन हात लांब. "वरतं पाह्य," तुम्ही म्हणालात. मी पाहिलं. वर काहीच नव्हतं, नुसती छपराची आडी. "असंच राह्यलं पायजे. जाळावरून हात नेऊ नये. खालचा जाळ वरतं पाह्यत असते."

मला तुमचं सगळं खोटं वाटायचं, हे आता लिहून टाकते. मला वाटायचं ही बाई मला राबवायला असं करते. स्टोव्ह मधोमध, डबे त्या टोकाच्या कोनाड्यात. मीठ घ्यायला उठा, हळद घ्यायला उठा, साखर घ्यायला उठा. एका भाजीला दहा उठाबशा. सुनेला बसू देऊ नये म्हणून हिनं जाळाचं निमित्त काढलं, असा माझा पक्का संशय होता. तुम्ही कापूस वेचणीला म्हणून बाळापूरकडे शेतावर गेलात, चांगल्या दहा-बारा दिवसांसाठी. तेवढ्यात शेजारी दार बसवायला सुतार आला होता. मी त्याला बोलावलं आणि स्टोव्ह भिंतीशी सरकवून त्याच्या बरोबर वर एक फळी ठोकून घेतली. बसल्या बसल्या हात पुरेल इतकी खाली. त्यावर सगळे डबे मांडले. शेजारची मास्तरीणसुद्धा आत आली नव्हती, कोणी पाहिलं नाही. तुमचा मुलगा स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. फार सुख वाटलं मला त्या दिवसांत.

तुम्ही परत आलात, हातपाय धुतले, आत पाहिलं.

"हे कोनं ठोकलं?"

"मी."

"काढ."

"चांगली आहे की. उठावं लागत नाही."

"उठनं लागू नये म्हणून मरशीन का? काढ म्हटलं तं काढ."

"उद्या काढते," मी म्हटलं, आणि माझ्या मनात काढायचं नव्हतं.

त्याच दुपारी पाहुणे आले. चहा ठेवला होता. साखरेचा डबा फळीवर मागच्या बाजूला होता. मी जाळावरून वाकले, हात लांब केला, आणि खोचलेला पदर सुटला. आवाज काही होत नाही, आत्याबाई, लोक सांगतात तसं भडका वगैरे. आधी फक्त गरम वाटतं आणि वाटतं की चहा सांडला. मग मी तुम्हाला दारात पाहिलं. न्हाणीच्या उंबऱ्यावरचा ओला बारदाना ओढून तुम्ही माझ्यावर पडलात, अक्षरशः पडलात, आणि मला जमिनीवर लोळवलं. बारदाना पुरला नाही तिथं तळहातांनी दाबलंत. मग किल्ली सोडलीत. मग रांजणातलं पाणी माझ्यावर तांब्या तांब्या ओतत बसलात, पाहुणे लेप लावायला शाई मागत होते त्यांना शिव्या घालत. दवाखान्यात टांग्यात नेतानाही तुम्ही ओल्या फडक्यानं हात झाकून धरला होता. डावा हात कोपरापासून वर आणि मान. एवढ्यावरच भागलं, ते तुमच्यामुळं.

चौथ्या दिवशी मी घरी आले तेव्हा फळी नव्हती. भिंतीला दोन जागी ताजी माती लिंपली होती. "कुठं गेली?" मी विचारलं. "चुलीत घातली," तुम्ही म्हणालात. "तुया आंगपुसन्याचं पानी तापवलं तिच्यावर." स्टोव्ह पुन्हा मधोमध. डबे पुन्हा कोनाड्यात. तुमच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या आणि तुम्ही बोटांच्या टोकांनी भाकरी उलटत होतात.

दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याहून माझा दादा आला. दारातच त्याला मास्तरीण भेटली होती आणि तिनं काय सांगायचं ते सांगितलं होतं. घरात दोघीच, जळली सून, आणि सासूचेही हात भाजलेले, ते कसे? दादा सरळ आत माझ्याजवळ आला. तुम्ही पाणी द्यायला आलात तर पाणी घेतलं नाही. मग त्याला भिंतीवरची ओली माती दिसली.

"इथं काय होतं?"

मी म्हटलं, "काही नाही."

"सासू कुठं होती तवा?"

"इथंच."

दुसरं खरं होतं. पहिलं खोटं होतं. दोन्ही एकापाठी एक सांगितलं तर त्याचं काय होतं ते मला तिसरी शिकलेलीला समजत होतं. दादा उठला, दारात उभा राहून तुम्हाला म्हणाला, "पुन्हा हिच्या आंगाले आच लागली तं तेल्हाऱ्याहून मी एकटा येनार नाही." तुम्ही ऐकून घेतलंत. पट्टीचे हात पोटाशी धरून ऐकून घेतलंत, आणि माझ्याकडे एकदा पाहिलंत. मी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात आपल्या अंगणात गल्लीतल्या बाया सरगुंडे करायला जमायच्या, काड्यांवर पीठ गुंडाळत एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायच्या. त्या वर्षी त्या मास्तरणीच्या अंगणात जमल्या. त्या वर्षी आणि पुढं नेहमी. तुम्ही एकटीनं सरगुंडे केलेत, बोटं नीट वळत नव्हती म्हणून जाडे झाले. माझं मात्र भलं झालं. तुम्ही मला परत कधी रागावलात नाही. भाकर कशीही थापली तरी काही बोलला नाहीत. वर्षभरात डब्यांची मांडणी, दुधाचं पातेलं, सणाचा बेत, सगळं माझ्या हातात आलं. मी ते घेतलं. घाबरून गप्प बसले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पहिले आठ दिवस घाबरले होते. पुढची वर्षं मला परवडत होतं म्हणून गप्प होते.

आणि माझा तुमच्यावरचा संशय अजून गेलेला नाही, तोही लिहिते. तुम्ही काहून बोलला नाहीत? एक शब्द, फळी. सुतार गावातच होता, त्याला बोलावता आलं असतं. तुमच्या मुलालाही तुम्ही सांगितलं नाही, तो मरेपर्यंत आईकडे जरा वाकड्या नजरेनंच पाहत होता. मला वाचवायला गप्प बसलात, असं मानायला मन तयार होत नाही, एवढ्या गोड तुम्ही नव्हता. फळी पाहिली तेव्हा स्वतःच्या हातानं का नाही उपटली, हे तुम्हाला खात होतं का? का माझीच वाट पाहत होतात, किती दिवस गप्प बसते ही, म्हणून? मला वाटतं वाटच पाहत होतात. शेवटच्या आजारात मी तुम्हाला पेज भरवत होते तेव्हाही तुम्ही माझ्या मानेच्या डागाकडे पाहायचात आणि तोंड उघडायचात, चमचा आत जाईपर्यंत, आणि परत मिटायचात.

आता कालचं. नातसुनेनं खाली कढईत फोडणी टाकली होती, मोठ्या जाळावर. वर त्या पेटीत दूध ठेवलेलं. पेटी वाजली आणि ती तशीच त्या कढईवरून वाकली, ओढणी गळ्यातून लोंबती, दार उघडून वाटी घ्यायला. माझ्या वयात माणूस पळत नाही म्हणतात. मी पळाले. आधी तिची ओढणी मागं खेचली, मग गॅस बंद केला. तिच्या हातातली दुधाची वाटी खाली पडली. ती भडकली. "आजी, तुम्हाले माझ्या हातात सैपाकघर पाहवत नाही का?" तिला तसं वाटणारच. मलाही वाटलं होतं.

मग मी बाही वर केली. तिनं डाग पाहिलेला आहे, घरात सगळ्यांनी पाहिलेला आहे आणि त्याची गोष्टही सगळ्यांना पाठ आहे. ती हळू आवाजात म्हणाली, "ते तं तुमच्या सासूनं ना?"

"फळीनं," मी म्हटलं. "जाळावर फळी होती. मी अशीच वाकली. सासूनं इझवलं."

पेटी काढा असं मी म्हटलं नाही, कोणी ऐकणार नाही. एवढंच ठरवून घेतलं की वरचं दार उघडायचं तर आधी खालचा गॅस बंद, ओढणी बाजूला काढून ठेवलेली, आणि गरम वाटी कापडानं दोन्ही हातांनी धरायची, डोक्यावरून घ्यायची नाही, स्टुलावर चढून छातीशी घ्यायची. मोठा जाळ लागेल ते शेगडीच्या पुढच्या जाळावर करायचं, असं मी म्हटलं, म्हणजे वरची जाळी तापत नाही. ती म्हणाली मागच्यावर, म्हणजे वाकताना ओढणीखाली जाळ येत नाही. यावर आमचं भांडण झालं आणि तिनं पुस्तक काढून दाखवलं, मागच्यावरच. तिचं बरोबर निघालं. जाळी दर पंधरा दिवसांनी मी धुणार, ती काढून देणार. हे सगळं ती मानेनं हो हो म्हणत ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"आजी," ती म्हणाली, "सासूनं इझवलं, तं मंग सगळे उलटं काहून सांगतात?"

हा कागद डाळीच्या डब्याखाली जाईल. त्या पेटीवर ठेवणार नाही, जाळाच्या वर काही ठेवू नये. तिला मी उत्तर दिलं ते असं, आत्याबाई. "कढईकडे पाह्य आधी," मी म्हटलं, "फोडणी करपून राह्यली."

ती वळून पाहायला गेली. गॅस तर मीच बंद केला होता.