निळ्या साडीचा हिरवा फॉल

लाडक्या मावशे,

अक्षरं एवढी मोठी का, विचारशील. डोळ्यांत थेंब घातलेत गं! भाईंदरला डोळ्यांच्या दवाखान्यात बसलेय, जवळचं सगळं धूसर दिसतंय. पळताही येत नाही, म्हणून तुला लिहितेय. मलाही शुगर निघालीय. तुझीच भाची ना!

परवाच भटकून परतले. वरसाव्याच्या पुलापाशी उतरले, तर तिथे एक कुत्रं... जाऊ दे, ते पुढच्या पत्रात.

नवघरच्या खोलीत तू दिवसभर साड्यांना फॉल लावायचीस. सुई झटक्यात ओवून मला दाखवायचीस, "बघ! माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" शुगरनं डोळ्याचा आतला पडदा खराब होत असतानाही सुई ओवता येते, हे तुला कुणी सांगितलंच नाही? की सांगितलं आणि तू हसलीस?

शेजारच्या हंसाबेनच्या निळ्या साडीला हिरवा फॉल लावलास, आठवतं? त्या म्हणाल्या, "मासी, कलर अलग है." तू म्हणालीस, "फॅशन है, पहनो!" आपण हसून लोळलो. तेव्हाच तुझे रंग निसटायला लागले होते गं.

आणि ते तपासणीचं नाटक! आधी दोन दिवस भात बंद, कारल्याचा रस, खाडीपर्यंत फेऱ्या. रिपोर्ट चांगला आला की येताना जिलेबी! मग डॉक्टरांनी तीन महिन्यांची शुगर कळते ती टेस्ट काढली, तर म्हणालीस, "मेली चुगलखोर आहे." फसवत कुणाला होतीस, मावशे?

आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बीपी? तंबाखू?"

"छे! फक्त मिश्री लावते."

"मग ती कशाची असते?"

तंबाखूचीच गं! शुगर चढलेली राहणं, बीपी, तंबाखू, शुगरची वाढत जाणारी वर्षं, सगळं डोळ्यांवर येतं म्हणाल्या. पण लवकर कळलं तर सांभाळता येतं.

लवकर! तू जाण्याआधीच्या शेवटच्या गणपतीत माझा ड्रेस जवळ ओढून तू विचारलंस, "निळा ना?" लाल होता. मी हो म्हटलं.

नाव पुकारतायत. मी काही तयारी न करता, भात जेवून आलेय. रिपोर्ट येईल तो खरा येईल. तुझी मिश्रीची डबी आज कचऱ्यात जाणार, रागावू नकोस. आणि कुठेही भटकत असले तरी दरवर्षी इथे येऊन डोळे दाखवीन.

काल हंसाबेन भेटल्या, तीच साडी नेसून. फॉल अजून बदललेला नाही! मला तो हिरवाच दिसला. तसाच दिसत राहील, शब्द देते.

तुझीच,
भिंगरी