आईने लॅमिनेट केलेली चिठ्ठी

सोम., ११ ऑगस्ट
डोकं फिरलंय. आठवड्याभरात हिंगणीचा हा तिसरा पेशंट. सुजलेला गाल घेऊन सेलूला माझ्या दातांच्या दवाखान्यात येतो नि म्हणतो, "अँटिबायोटिक झाल्या, मॅडम. तुमच्याच." मी या माणसाला जन्मात पाहिलेलं नाही! रजिस्टरमध्ये नाव नाही. "चिठ्ठी तुमचीच होती ना," म्हणे. कुठली चिठ्ठी?

बुध., १३
हिंगणीला आईला फोन केला. सगळं कळलं. दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नात आईची दाढ सुजली होती. मी तोंडही न पाहता कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. बाईसाहेबांनी तो कागद लॅमिनेट करून कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलाय. "पावसात भिजते ना." अख्खी गल्ली नेते, औषधं घेते, आणून परत टांगते.
ओरडले. तर म्हणते, "काऊन चिल्लावून राह्यली? लोकायचं भलं होते तर तुले काय तकलीफ आहे?"

शुक्र., १५
झेंडावंदन आटोपून थेट हिंगणी. आधी मेडिकलवाला. "चिठ्ठीवरची तारीख बघता का कधी?" तर हसून, "मॅडम, दात काय तारीख पाहून दुखते?" कानाखाली द्यावीशी वाटली.
घरी खिळा रिकामा. चिठ्ठी शेजारी वच्छलामावशीकडे. लहानपणी हिच्याच ओट्यावर मी जेवत असे. खालची दाढ किडलेली, जबडा टणक, तोंड दोन बोटंच उघडतंय. पाच वेळा गोळ्या झाल्या. दोन दिवस घ्यायच्या, सूज उतरली की बंद, उरलेल्या डब्यात. अगं, पू दाढेच्या मुळाशी आहे! दाढ काढल्याशिवाय तो जाणार कुठे?
"आत्ता गाडीत बस, काढून टाकते," म्हटलं.
"पोळा होऊ दे, माय. मंग येतो. आन् दाढ काढली का नजर जाते म्हणतात."
खालच्या दाढेचा आणि डोळ्याचा काय संबंध, देव जाणे. तासभर डोकं फोडलं. आईच्या कात्रीने लॅमिनेशन कापून चुलीत टाकलं. आणि मग… मावशी म्हणाली, "पोळ्यालोक तरी काही लिहून दे." दिल्या. पोळ्यापर्यंतच्या, जास्त जोराच्या. जुनी जाळली, नवी लिहिली. वा, डॉक्टरीणबाई.

गुरु., २१
उद्या पोळा. मावशी आली नाही. आई फोनवर खूश, "सूज पुरी उतरली. पुरणाचा घाट घालून राह्यली ते. तुह्या नव्या गोळ्या लय भारी."
तेच तर! सूज उतरली म्हणजे मावशी आता येणारच नाही. जाऊन उचलून आणायला हवं. आज अकरा पेशंट. सोमवारी जाते.

रवि., २४
सकाळी मावशीच्या मुलाचा, गजाननचा फोन. मान सुजून छातीपर्यंत. थुंकी गिळता येत नाही, बोलणं घोगरं. म्हटलं, माझ्याकडे एक मिनिट थांबू नको, सरळ वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात ने. मीही निघाले. तिथल्या डॉक्टरांनी मानेला चिरा देऊन पू काढला. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी.
ड्यूटीवरचा पोरगेला डॉक्टर माझाच कागद हातात धरून, "हे कोणी लिहिलं?"
"मी."
कागद फाइलला लावून पुढच्या खाटेकडे वळला. बोलायला हवं होतं त्याने. बाहेर पार्किंगमध्ये मीच स्वतःला शिव्या घातल्या, मोठ्याने. वॉचमन बघत होता.

बुध., २७
घरोघर गणपती बसले. मावशी अजून आयसीयूत. ताप उतरत नाही.
आईशी कडाक्याचं भांडण. मी वाट्टेल ते बोलले. ती एकदाच म्हणाली, "मले काय समजते? तुले तं समजत होतं ना." फोन ठेवला. मी जेवले नाही; तीही जेवली नाही, हे नंतर बाबांकडून कळलं.

शनि., ३०
ताप कमी. मावशी वॉर्डात आली. नळीमुळे बोलता येत नाही, पण मला बघून हात हलवला. दाढ अजून आतच आहे, तोंड जरा उघडलं की काढायची. इथले दातांचे डॉक्टर तपासायला आले तर हिने तोंड घट्ट मिटून घेतलं. दोनदा. माझा हात ओढून स्वतःच्या जबड्यावर ठेवला.
गजानन म्हणाला, "ते इशाऱ्यानं सांगते का तूच काढजो. दुसऱ्याले हात लावू देत नाई."
कशाच्या जिवावर भरवसा ठेवते ही बाई? चार शिव्या तरी घाल ना मला! तिथले डॉक्टर म्हणाले, तुम्ही येत असाल तर आमची हरकत नाही, सोमवारी सांगा.
हात धुतले. पुन्हा धुतले. काय सांगू?