घोड्याच्या खडकावरून लाइव्ह

आई,

लाइव्ह म्हणजे काय ते तुला आधी सांगायला हवं. मोबाईल समोर उभा करायचा आणि आपण जे करतो, बोलतो, ते त्याच क्षणी कुणालाही, कुठेही बसून बघता येतं. किती जण बघताहेत तो आकडा वरच्या कोपऱ्यात दिसतो. गेल्या दिवाळीनंतर मी हे सुरू केलं, मुरुडच्या आपल्या खडकांवरून, शिंपल्यांतली कालवं काढताना. तू आजारी पडलीस तेव्हापासून मी जाते तिथे. तू गेल्यालाही आता बावीस वर्षं झाली, बाकीच्या बायकांचं येणं एकेक करून थांबलं. लेक नर्सिंग शिकायला पनवेलला गेली आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून तिनेच हे खूळ माझ्या डोक्यात घातलं.

पहिले दहा-बारा दिवस आकडा शून्य. कधी एक व्हायचा, ती लेकच असायची. मी ठेवणीतली साडी नेसून जायचे, शाळेतल्या भाषणासारखं "नमस्कार मंडळी" म्हणायचे आणि निम्मे शब्द वारा घेऊन जायचा. लेक फोनवर सांगायची, "आई, रोज ठरलेल्या वेळी ये, तरच लोक जमतील." पण ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तिला ठरलेली वेळ कुठून असणार! मग मी आदल्या दिवशीच दुसऱ्या दिवसाची वेळ लिहून टाकायला लागले. तरी कुणी येईना. त्या शून्याशी बोलताना मला आपलं स्वयंपाकघर आठवायचं. मी आठ-नऊ वर्षांची, चुलीशेजारी बसून वर्गातलं काहीबाही सांगतेय, आणि तू भाकरी थापता थापता दबक्या आवाजात म्हणतेस, "तोंड मिट गो. किती बोलशील." पलीकडे आजी बसलेली, मधलं दार उघडं. तू स्वतः दिवसाकाठी दहा शब्दही बोलत नसायचीस. आम्ही भावंडं धरूनच चाललो होतो की आईला बोलणं आवडत नाही.

एके दिवशी मी कंटाळून बोलणंच सोडलं. मोबाईल खडकाच्या खाचेत टेकवला, जुनी साडी वर खोचली आणि कोयतीने कालवं फोडत बसले. अर्ध्या तासाने बघते तर आकडा तीन, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, "डावीकडं सरक गो. हितली कालवं बारीक हायत. तुझी आई घोड्याच्या खडकाशी बसायची. तोंडावळा तिचाच हाय तुझा." घोड्याचा खडक हे नाव आपल्या आळीबाहेर कुणाला ठाऊक?

ती तुझी मैत्रीण होती, आई. आळीच्या टोकाच्या घरातली, तुझ्यासोबत टोपली घेऊन निघायची ती. आता नालासोपाऱ्याला मुलाकडे असते. गुडघे गेलेत. ती सांगते आणि नात लिहिते. मी मोबाईलजवळ तोंड नेऊन विचारलं, "मावशी, तुम्ही आईसोबत कालवांना यायचात ना?"

"कालवं कसली गो? आमी तर तिला ऐकायला यायचो. नकला करायची ती."

नकला. तू. बोर्लीच्या गाडीचा कंडक्टर, दवाखान्यातले डॉक्टर, आजीसुद्धा. मावशी सांगत होत्या, नातीची बोटं पुरी पडत नव्हती. बायका इतक्या हसायच्या की पाणी घोट्यावर चढलं तरी कुणाला कळायचं नाही. माझीही नक्कल होती म्हणे, फ्रॉकचा घेर मुठीत धरून चालण्याची. मी विचारलं, "पण घरी तर..." माझं वाक्य संपायच्या आत उत्तर आलं, "घरात तिला कोन बोलू देत व्हतं? खडकावर आली की सुटायची."

मी मोबाईल उचलला आणि डावीकडे, घोड्याच्या खडकाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी जावेला आणलं. जावेनं दिघीला दिलेल्या बहिणीला. कुवेतहून एक आपा आल्या, त्यांची अम्मी तुमच्या घोळक्यात असायची म्हणे, आणि मरेपर्यंत तुझा कंडक्टर करून दाखवायची. त्या रविवारी आकडा एकेचाळीस झाला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. एकेचाळीस माणसं, आई, आणि लेक सोडली तर त्यातलं एकही मला बघायला आलेलं नव्हतं. घोटाभर पाण्यात मी उभी होते आणि तुझे श्रोते माझ्यापुढे गोळा होत होते. एवढं सगळं तू रोज ओहोटीबरोबर करून यायचीस आणि घरी येऊन मुकाट्याने भाकऱ्या थापायचीस.

आता कधी तीस असतात, कधी साठ. मी नकला करत नाही, मला येत नाहीत. मी विचारते आणि ते सांगतात.

हे पत्र लेकीलाही दाखवणार नाही, कारण त्या रविवारी तीही ऐकत होती. कुवेतच्या आपांनी विचारलं होतं, "घरी तर तुम्हाला रोजच हसवत असतील?" आपल्या घरात तू गप्प असायचीस हे एकेचाळीस जणांपुढे सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी म्हणाले, "हो तर. जेवताना घास अडकायचा आमचा."