पंचमीची सुई

१२ जुलै १९३३

कंबरेत चार सुया खुपसून घेतल्या — आणि हसत घरी आले!

होळीपासून कंबर धरलेली. अठ्ठावीस वर्षांची मी, पण वर्गात खडू पडला तर पोरींनी उचलून द्यायचा. आत्याबाईंनी — माझ्या सासूबाई, मूळच्या मंद्रूपच्या — विटेनं शेकलं, बिब्बा लावला. बिब्बा उतला, फोड आले, कंबर तशीच! मग म्हणतात, "सिदू धनगर मेंढरास्नी डाग देतो, तुला बी दील की." मी थेट दवाखाना गाठला.

डॉक्टर शांतम्मा बल्लारीकडच्या. म्हणाल्या, "औषध नाही, नुसती सुई. माझ्या विलायती पुस्तकात आहे. भिऊ नका." बोटाएवढ्या सुया उकळून काढल्या. पालथं पडायचं, दहा मिनिटं हूं की चूं करायचं नाही. पहिलीला "आई गं!" म्हणाले. चौथीला कंबर अशी सैल पडली की हसूच फुटलं! दर तीन दिवसांनी जायचं, सहा वेळा.

१५ जुलै

खडू उचलला! मीच!! पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग मुद्दाम तीनदा टाकला.

१८ जुलै

माझ्या बालमैत्रिणीचं, केराचं पत्र. वैरागहून नागपंचमीला इथं माहेरी येतेय, तीन वर्षांनी. "तुझी कंबर गेली म्हणे. मग मी फुगडी कुणाशी घालू?" — खवचट मेली! लहानपणापासून आम्हा दोघींत आधी हात कोण सोडतं याची चुरस. पंचमीला फिरले नाही तर जन्मभर मला म्हातारी म्हणेल.

आणि खरं सांगू? मलाही तीच धास्ती आहे.

२१ जुलै

घोटाळा! सहावी खेप सत्तावीसला — म्हणजे ऐन पंचमीला! त्या दिवशी घरात विळी नाही, तवा नाही, सुईदोरासुद्धा फडताळात. आत्याबाईंना सांगितलं तर अंगावरच आल्या. "भावासाठी उपास धरतीस, आन पंचमीला सुई टोचून घेतीस? नागाला लागती ती! मानसिंगाचं काय वंगाळ झालं म्हंजी?"

मानसिंग माझा एकुलता भाऊ, बार्शीला असतो. शिकलेली बाई मी, असलं मानत नाही. मानत नाही म्हणते, आणि देवापुढे त्याच्या नावानं हात जोडून येते. डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, शेवटची चुकवली तर कंबर पुन्हा धरेल.

२४ जुलै

पाचवी झाली. वाकताना डावीकडे चमक अजून येतेच. ठरलं — जाणार! घरी सांगायचं, वारुळाला जाते. शुद्ध थाप. पण करू काय? केरा येतेय की!

२६ जुलै

भावाचा उपास. भूक, भूक, भूक!

२७ जुलै, पंचमी

आत्याबाई सकाळीच डब्यात पुरणाची दिंडं भरून बाहेर पडल्या. "शेजारी देऊन येते." त्या परत येऊन टेकल्या, तशी मी सटकले! डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज हलक्या हातानं लावते." टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. उठले, वाकले — चमक गायब!

दुपारी लिंबाखाली फुगडी. केरा, लिंब, आभाळ, सगळं गरगर गरगर! "सोड गं, पडंल मी!" — केरा म्हणाली, मी नाही! आधी हात तिनं सोडले!! आत्याबाई "बास की गं" म्हणत होत्या आणि पदरात हसत होत्या. त्यांच्याकडे बघवेना. लबाडी केली मी.

संध्याकाळी मानसिंगाला कार्ड टाकलं. कसा आहेस, लगेच कळव.

३० जुलै

मानसिंगाचं उत्तर. "मी ठणठणीत. तुला काय झालं?" — कार्ड हातात घेऊन चुलीपुढेच गिरकी घेतली.

३१ जुलै

शाळा सुटल्यावर डॉक्टरबाईंना फुलं द्यायला गेले. त्या हसायलाच लागल्या. "पंचमीला मी सुई लावलीच नाही हो. नुसतं अंगठ्यानं दाबलं. सकाळी तुमच्या सासूबाई दिंडं घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, पोरगी ऐकायची न्हाय, येनारच ती. तिला टोचू नगा, आन टोचलं न्हाय म्हनून सांगू बी नगा. लई आस लागलीया तिला फुगडीची."

घरी आले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला सारलं आणि दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं.

"ह्ये काय गं?"

"फुगडी!"