मावाबाटीचा आळ

प्रिय शर्वरी,

तू उज्जैनला माहेरी गेलीस आणि इंद्रपुरीतलं हे घर एकदम गप्प झालंय. तुझे सासरे पेपर मोठ्यानं वाचतात, तुझा सुयश रोज भेंडी करपवतो आणि मी दोघांवर ओरडते. मजेत आहोत, काळजी करू नकोस.

काल दिव्यांची अवस झाली. समया, निरांजनं चिंचेनं घासून लख्ख केली, कणकेचे गोड दिवे उकडले (मी अर्धाच खाल्ला, शप्पथ!) आणि मंजूषावन्सं, शेजारच्या चौघीजणी जमल्यावर कहाणी वाचायला बसले. तीच गं, राजाच्या सुनेची. गोडधोड स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. मग उंदीर चिडून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात आणि घरचे तिला घराबाहेर काढतात. चाळीस वर्षं घडाघडा वाचतेय, पण काल त्या आळापाशी आले आणि तीच ओळ दोनदा वाचली.

कारण आपल्या घरात उंदरांच्या जागी तू होतीस. दिवाळीत वन्सं आल्या तेव्हा फ्रिजमधला मावाबाटीचा डबा उघडला, तर आत नुसता पाक! सहाच्या सहा मी दोन दिवसांत फस्त केल्या होत्या, तेही डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना. यांनी डोळे वटारले आणि मी मेली सरळ बोलून गेले, शर्वरीनं खाल्ल्या असतील. तू माझ्या पदरावरचा पाकाचा डाग पाहिलास आणि म्हणालीस, हो, मीच खाल्ल्या. वर संध्याकाळी ती साडी गुपचूप धुऊनही टाकलीस! तेव्हापासून वन्सं सगळ्या नात्यागोत्यात तुला 'बाटीवाली' म्हणतात. तू हसतेस, आणि तुझ्याबरोबर मीही हसत आले. लाज वाटते गं मला.

म्हणून काल पोथी मिटली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वन्सं इतक्या हसल्या की चष्मा पडला. हे म्हणाले, मला वाटलंच होतं. ग्वाल्हेरपर्यंत फोन गेलेत, आता बाटीवाली मी! किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

पण पत्र त्यासाठी नाही. तुझ्या आईवर तू फोनवर कशी कडाडतेस, ते मी ऐकलंय. माझ्यावर मात्र तीन वर्षांत एकदाही रागावली नाहीस, पाहुण्यासारखी जपून वागतेस. रविवारी आलीस की बॅग खाली ठेवायच्या आधी मला चांगली फैलावर घे, तिला घेतेस तशी.

तुझीच,
आई